आई-बाबांना घेऊन वशिष्ठच्या गरम कुंडांवर

आमच्या घरातलं कोणी निव्वळ आरामासाठी बाहेरगावी गेल्याचं मला आठवत नाही. बाहेर पडायचं ते लग्नाला, तेरवीला, दवाखान्यात, नाहीतर माहूरच्या गडावर. कापूस निघाला की तूर, तूर झाली की हरभरा, मग उन्हाळवाहीची कामं. या सगळ्यात आई-बाबांना हिमाचलात गरम पाण्याच्या कुंडांवर न्यायचं ठरवलं, तेव्हा सुरुवात कुठून करायची हे सांगणारं जवळपास कोणी नव्हतं. या एप्रिलमध्ये आम्ही जाऊन आलो. जानेवारीपासून काय काय करावं लागलं ते सगळं लिहिते आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे. आई ६३ वर्षांची, बीपी आणि शुगर दोन्ही. गुडघे झिजलेले. बाबा ६९ चे, तब्येतीने काटक. भाऊ त्यांच्यासोबत शेती करतो.

गरम पाण्याची गोष्ट आमच्या भागाला नवी नाही. पैनगंगेच्या काठावरचं उनकेश्वर जिल्ह्याने नांदेडमध्ये, किनवट तालुक्यात येतं, पण यवतमाळच्या बाजूची माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या जातात. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून गरम पाणी काढलं अशी तिथली कथा. अंगावर चट्टे, खाज असलं की लोक तिथे मुक्कामाला राहतात. आई लहानपणी तिच्या आजीबरोबर बैलगाडीने गेली होती. अमरावतीकडच्यांना असंच सालबर्डी माहीत असतं. संक्रांतीला आई वाण द्यायला उठली आणि भिंतीचा आधार घेत पुन्हा खाली बसली. म्हणाली, "त्या उनकेश्वराच्या पाण्यात बसल्यावर आजीचे पाय मोकये होत. मले तसं एकदा बसाचं आहे." दुसरीकडे बाबांची कित्येक वर्षांची इच्छा होती, बर्फाचा पहाड बघायची. तिथून हा विचार सुरू झाला: गरम पाणीही असेल आणि पहाडही असेल अशी एकच जागा, आणि तिथे नुसतं राहायचं.

बाबांना सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, "ढोरं कोन पाहीन?" दुसरा लगेच, "गरम पान्यासाठी इतल्या दूर काहून जाचं? मी चुलीवर तापवून देतो ना तिले." भावाने ढोरांची जबाबदारी घेतली. दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, फोनवर बर्फाचे फोटो दाखवले.

तारखेचा विचार शेतीवरून करावा लागला. पावसाळा बादच होता. २०२३ च्या जुलैत आणि पुन्हा २०२५ च्या ऑगस्टमध्ये ब्यास नदीच्या पुराने कुलू-मनालीचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता. दिवाळीनंतर आमच्याकडे कापूस वेचणी. मे महिन्यात तिकडे गर्दी आणि भाव दोन्ही चढतात. उरला एप्रिलचा उत्तरार्ध: हरभरा-गहू घरात आलेला, खरिपाला वेळ, आणि आमच्याकडे ऊन चाळिशीच्या वर गेलेलं. १८ एप्रिलला निघायचं ठरलं.

जागेसाठी माझ्यासमोर दोन नावं होती, मणिकर्ण आणि वशिष्ठ. मणिकर्ण पार्वती नदीच्या खोऱ्यात, भुंतरपासून साधारण ३५ किलोमीटर आत. तिथलं पाणी इतकं उकळतं की गुरुद्वारात तांदूळ-चणे भांड्यात घालून झऱ्यातच शिजवतात. आईला ते बघायचं होतं. पण रस्ता अरुंद, आणि डोंगरावरून दगड-झाडं पडण्याच्या घटना होतात. २०२५ च्या मार्चअखेर गुरुद्वाराजवळ झाड कोसळून सहा माणसं गेली होती. वशिष्ठ हे गाव मनालीपासून तीनेक किलोमीटर. वशिष्ठ ऋषींच्या देवळाला लागूनच गंधकाच्या पाण्याची कुंडं, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, आणि आंघोळीला पैसे नाहीत. जवळ मनालीत मिशनचं लेडी विलिंग्डन हॉस्पिटल. शुगर-बीपीचं माणूस सोबत असताना माझ्यासाठी ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी होती. वशिष्ठ पक्कं केलं.

आता रजेबद्दल. सरकारी नोकरीतल्या माझ्यासारख्या बायकांना हे उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगते. राज्य कर्मचाऱ्यांच्या रजा प्रवास सवलतीत स्वग्राम आणि महाराष्ट्र दर्शन बसतं, महाराष्ट्राबाहेरचा प्रवास बसत नाही. तेव्हा खर्च सगळा स्वतःचा. अर्जित रजेचा अर्ज वेगळा आणि मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा अर्ज वेगळा, दोन्ही मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात दिले. तिथून कागद तालुक्याला जातात. माझ्या गैरहजेरीत लसीकरणाची सत्रं कोण घेणार हा प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून शेजारच्या उपकेंद्राच्या सेविकेकडून प्रभार घ्यायला तयार असल्याचं लेखी संमतीपत्र आधीच जोडलं. सत्रांच्या तारखांचा तक्ताही सोबत लावला. अर्जाची दुसरी प्रत घेऊन तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्यावा. कागद कुठे आहे हे विचारायला गेलं की त्या क्रमांकाशिवाय कोणी सांगू शकत नाही. मंजुरी हातात यायला मार्चचा दुसरा आठवडा उजाडला. मधले सगळे दिवस तिकीट काढलेलं आणि रजा नाही, अशा अवस्थेत गेले. रात्री झोपेतून जाग यायची आणि पहिला विचार तोच असायचा.

तिकीट थांबवता येत नव्हतं, कारण रेल्वेचं रिझर्वेशन आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस होतं, आणि अनेकांच्या डोक्यात अजून तेच आहे. १८ एप्रिलचं तिकीट १७ फेब्रुवारीला सकाळी ८ वाजता उघडलं. परतीचं २८ एप्रिलचं २७ फेब्रुवारीला. दोन्ही तारखा मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवल्या होत्या. ऑनलाइन काढायचं असेल तर खातं आधारशी जोडून ठेवा. हे काम त्या सकाळी करायला बसू नका, ओटीपी येईपर्यंत जागा जातात. आमच्या गावात रेंजचा भरवसा नाही म्हणून मी आदल्या संध्याकाळीच यवतमाळला मावशीकडे मुक्कामाला गेले.

एक गोष्ट मला तिकीट खिडकीवरच्या एका भल्या माणसाने सांगितली होती, ती फार कामी आली. रेल्वेत ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे. पुरुष ६० च्या वर, बायका ४५ च्या वर. हा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ असले तर लागतो. तिसरं कमी वयाचं माणूस त्याच तिकिटावर घातलं की लागत नाही. म्हणून आई-बाबांचं तिकीट वेगळं काढलं, त्या कोट्यातून, आणि माझं वेगळं. दोघांनाही खालचा बर्थ मिळाला. मला दोन डबे सोडून वरचा मिळाला, पण गाडीत एका मुलाने आनंदाने अदलाबदल करून दिली. थर्ड एसीचं नागपूर ते दिल्ली माणशी सोळाशेच्या आसपास पडलं.

राहायच्या जागेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. "हॉट स्प्रिंग" असं नाव लावलेल्या जागा बऱ्याच दिसतात. फोटोत वाफाळणारा टब, मागे बर्फाचा डोंगर. फोन करून मी सगळ्यांना एकच प्रश्न आधी विचारला: टबातलं पाणी झऱ्याचं आहे की बॉयलरचं? एका ठिकाणी सरळ सांगितलं की बॉयलरचं. एका ठिकाणी तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही, फक्त दर कमी होत गेला. मग मी टबाचा नाद सोडला आणि देवळाच्या कुंडापासून पायी जाता येईल अशा घरगुती मुक्कामाकडे वळले. विचारायच्या गोष्टींची वहीत यादीच केली होती: खोलीपासून कुंडापर्यंत पायऱ्या किती, त्यांना कठडा आहे का, खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, हीटरचे पैसे वेगळे का, जेवण घरचं मिळेल का, कमी तेल-तिखटाचं आणि साखरेशिवाय मिळेल का, आणि तारीख बदलली तर आगाऊ रकमेचं काय. वशिष्ठ गाव चढावर वसलेलं आहे. "अगदी जवळ" याचा तिथल्या माणसाचा अर्थ आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाचा अर्थ यांत फार अंतर असतं. मी घरमालकिणीला विनंती केली की खोलीच्या दारापासून कुंडापर्यंत चालत जाताना व्हिडिओ काढून पाठवा. तिने त्याच संध्याकाळी पाठवला. त्या व्हिडिओतल्या पायऱ्या बघून मी तिथेच नक्की केलं.

तीन खाटांची एक मोठी खोली, रात्रीचे २,१०० रुपये, वर ५ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के आहे, कोणी जुना १२ टक्क्यांचा हिशोब लावला तर विचारा. तीस टक्के आगाऊ पाठवले आणि पावती मागून घेतली.

पैशांची सोय मी दोन वर्षांपासून पोस्टाच्या आवर्ती ठेवीत महिन्याला थोडे टाकून केली होती. बाबांच्या कापसाच्या पैशांना हात लावायचा नाही हे माझं पहिल्यापासून ठरलं होतं, कारण ते पैसे बियाण्याचे असतात.

मार्चमध्ये आईला आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आणि मग यवतमाळला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. गरम पाण्याने सांध्यांचा ताठरपणा आणि दुखणं काही वेळ हलकं होतं, झिजलेलं हाड भरून येत नाही, हे त्यांनी आईच्या समोर नीट सांगितलं. ते तिने ऐकणं गरजेचं होतं, कारण गावातल्या बायकांनी तिच्या डोक्यात वेगळंच भरवलं होतं. बाकीच्या सूचना मी इथे जशाच्या तशा देते, कारण मी रोज बीपी-शुगरचे रुग्ण बघते आणि या गोष्टी फार कमी लोकांना सांगितल्या जातात. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल होऊन बीपी उतरतं. बीपीची गोळी चालू असेल तर एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते. म्हणून पाण्यात एका वेळी दहा मिनिटांच्या वर बसायचं नाही, छाती पाण्याच्या वर ठेवायची, बाहेर आल्यावर कडेला बसून मगच उभं राहायचं. भरपेट जेवून जायचं नाही आणि शुगरच्या माणसाने अगदी उपाशीही जायचं नाही. जुनी शुगर असेल तर तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग पाय भाजला तरी कळत नाही. पाणी पायाने बघायचं नाही, कोपर बुडवून बघायचं, आणि बाहेर आल्यावर तळवे तपासायचे. एकट्याने कधीच उतरायचं नाही. मी माझं बीपीचं मशीन आणि ग्लुकोमीटर सोबत घेतलं. गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवल्या, अर्ध्या माझ्या पर्समध्ये, अर्ध्या आईच्या पिशवीत.

सामान बांधताना आईने जवसाची चटणी, दशम्या आणि तिखट पुऱ्या घेतल्या. बाबांनी खर्ऱ्याच्या पुड्या घ्यायचा प्रयत्न केला, त्या मी काढून ठेवल्या. मी तंबाखूवर गावभर बोलत फिरते, घरच्यांना सोडू शकत नाही. न घसरणाऱ्या रबरी चपला मात्र नक्की घ्या, कुंडाच्या फरशीवर शेवाळ असतं.

१८ एप्रिलला पहाटे एसटीने यवतमाळहून नागपूर. एसटीत आम्हा दोघींना महिलांचं अर्धं तिकीट, बाबांना ६५ च्या वरचे म्हणून अर्धं. नागपूरहून दिल्लीची गाडी. आईला रेल्वेत झोप आली नाही. खिडकीतून एकेक स्टेशन वाचत बसली होती. इटारसीच्या अलीकडे सातपुड्याचा घाट लागला तेव्हा बाबा म्हणाले, "हा पहाडच पुरे होता आपल्याले."

दिल्लीहून मनालीच्या रात्रीच्या व्होल्वो सुटतात, बारा-चौदा तासांचा प्रवास, आणि बहुतेक लोक तसेच जातात. गुडघ्यांच्या माणसाला ते नको असं माझं मत आहे. आम्ही दिल्लीहून चंदीगडला चेअर कारने गेलो, रात्र तिथे काढली आणि सकाळी टॅक्सी केली. साडेसहा हजार रुपये. किरतपूरपासून पुढे आता चौपदरी रस्ता आणि बोगदे झाल्याने घाटातली वळणं बरीच कमी झाली आहेत. दर दीड तासाला गाडी थांबवायची, आईने उतरून चार पावलं चालायचं, हे चालकाशी निघण्याआधीच बोलून घेतलं. गाडी लागू नये म्हणून गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी. मंडीच्या पुढे ब्यास दिसायला लागली. हिरवट, थंड, फेसाळती. पुराने खाल्लेले काठ आणि नव्याने टाकलेला मुरूम जागोजागी दिसत होता. बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "आपल्या नदीत पूर येते तवा वावर जाते. इथं तं पहाडच जाते."

संध्याकाळी वशिष्ठला पोचलो तेव्हा समोर बर्फ होता, आणि त्याच्यावर शेवटचं ऊन. बाबा टॅक्सीतून उतरून रस्त्यातच उभे राहिले. मी सामान उतरवलं, पैसे दिले, तरी ते तिथेच होते.

त्या संध्याकाळी कुंडावर जायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. प्रवासाने अंग शिणलेलं असताना आणि उंचीवर नुकतंच आलेलं असताना गरम पाणी नको. आईचं बीपी बघितलं, गरम वरण-भात खाल्ला, झोपलो.

सकाळी साडेसहाला आम्ही दोघी गेलो. दगडी देऊळ, लाकडावर कोरीव काम, आणि बाजूला भिंतींनी बंद केलेलं बायकांचं कुंड, वरून उघडं. आत शिरताच काडी पेटवल्यावर येतो तसा गंधकाचा वास. कुंडात साबण लावायला मनाई आहे, बाहेरच्या धारेखाली आधी अंग धुऊन घ्यायचं. तिथल्या चार-पाच बायका पाण्यात बसून मोठ्याने गप्पा मारत होत्या. आई गाऊन घालून पायरीवर बसली. मी कोपर बुडवून बघितलं. पाणी चांगलंच गरम होतं, एकदम उतरण्यासारखं नव्हतं. आधी नुसते पाय सोडायला सांगितले. एका म्हाताऱ्या बाईने सरकून तिला कठड्याजवळची जागा दिली, तिथे पाणी जरा निवतं असं खुणेने दाखवलं. आई हळूहळू कमरेपर्यंत गेली. डोळे मिटले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाप्पा, कायचं सुख हाये हे."

मी घड्याळ लावलं होतं. दहा मिनिटांनी तिला बाहेर काढलं तेव्हा ती नाराज झाली, पण कडेला बसली. मी तळवे बघितले, थोडं पाणी आणि दोन बिस्किटं दिली. बीपी रोजच्यापेक्षा कमी होतं, घाबरण्यासारखं नव्हतं. परतताना पायऱ्या ती माझा हात न धरता चढली. तो ताठरपणा दुपारपर्यंत परत आला, पण सकाळचे ते काही तास तिला रोज मिळत राहिले.

चांदीचं मात्र सांगायलाच हवं. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. मी सांगूनही आईने जोडवी काढली नाहीत, सवाष्णीने काढायची नसतात म्हणाली. पहिल्याच दिवशी ती काळीठिक्कर पडली आणि तिचं तोंड उतरलं. घरमालकिणीने हसून एका भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल, खाण्याचा सोडा आणि कढत पाणी घेतलं, आईच्या पायांतली जोडवी तिने स्वतःच्या हाताने काढून त्यात टाकली आणि थोड्या वेळात पांढरी करून परत घातली. दुसऱ्या बाईने काढून घातली म्हणून आईचं समाधान झालं. नंतर रोज कुंडावर जाताना ती जोडव्यांवर पट्टीची चिकटपट्टी गुंडाळायची.

पाणी गरम का होतं हे बाबांनी घरमालकाला विचारलं. तो म्हणाला, देवाची कृपा. मग मी माझ्या परीने सांगितलं. पावसाचं आणि बर्फाचं पाणी खडकांच्या भेगांतून फार खोल जातं, जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढत जाते, आणि हिमालयाच्या खडकांत मोठ्या भेगा असल्यामुळे तापलेलं पाणी निवायच्या आत वर येतं. बाबांना लगेच पटलं. हिवाळ्यात बोअरचं पाणी कोमट लागतं हे त्यांनी आयुष्यभर हाताने अनुभवलेलं आहे.

पहिले दोन दिवस आईला काही न करणं जमलं नाही. पहाटे उठून बसायची, खोली झाडायची. घरमालकिणीकडून मटार मागून आणले आणि सोलत बसली. मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती जेवून आडवी झाली आणि चार वाजेपर्यंत झोपली. दिवसाउजेडी आईला अशी गाढ झोपलेली मी फक्त आजारपणात बघितली होती. मी दोनदा जाऊन तिचा श्वास बघितला. मग बाहेर उन्हात येऊन बसले आणि मला रडू आलं.

बाबांचा आराम वेगळाच निघाला. मागे सफरचंदाची बाग होती आणि झाडं फुलावर होती. बागमालकाशी त्यांची मोडक्या हिंदीत रोज तासन्‌तास बोलणी चालायची. फुलोऱ्यात परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून ठेवतात, गारांपासून बचावाला झाडांवर जाळ्या ताणतात, थंडीचे तास कमी पडले तर फूल कमी येतं. गारपिटीचं नाव निघाल्यावर दोघेही सारखेच बोलायला लागले. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये उभ्या गहू-हरभऱ्यावर पडते, त्यांच्याकडे फुलावर. संध्याकाळी बाबा पुरुषांच्या कुंडात जाऊन यायचे आणि मला बागेचा हिशोब सांगायचे, पेटीचा भाव, फवारणीचा खर्च, आडत. वहीत लिहूनही घेतलं.

फिरायला आम्ही मोजकंच गेलो. एक दिवस देवदारांच्या रानातलं हिडिंबा देवीचं देऊळ, १५५३ सालचं, लाकडी. भीमाची बायको म्हणून आईने भक्तीने ओटी भरली. एक दिवस अटल बोगद्यातून सिस्सूपर्यंत. बोगदा ९ किलोमीटरचा आहे, २०२० मध्ये सुरू झाला. पलीकडे बाहेर पडल्यावर रस्त्याच्या कडेला बर्फ होता आणि बाबांनी तो हातात घेतला. उंची तीन हजार मीटरच्या वर असल्याने आईला गाडीतच बसवून ठेवलं आणि तासाभरात खाली आणलं. मणिकर्ण शेवटपर्यंत टाळलं. आईने एकदा विचारलं, मी कारण सांगितलं, तिने पुन्हा काढलं नाही. सकाळी कुंड, दुपारी झोप, संध्याकाळी ऊन आणि गप्पा, एवढाच कार्यक्रम होता. ज्यांना आरामासाठी जायचं आहे त्यांनी टॅक्सीवाल्याकडचा स्थळांचा तक्ता हातात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. तो बघितला की सोडवत नाही.

जेवण घरमालकिणीचंच. राजमा, भात, फुलके. तिने एकदा सिड्डू केले, वाफवलेली भरलेली भाकरीच ती, वर तूप. त्या बदल्यात आईने तिला जवसाची चटणी दिली आणि कृती सांगितली.

परतीचा रस्ता तोच. चंदीगडचा मुक्काम परतीलाही ठेवला होता, शिवाय दिल्लीच्या गाडीआधी एक पूर्ण दिवस हाताशी राखला होता. डोंगरात रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, परतीच्या तिकिटाला चिकटून निघू नका. आमचा तो दिवस रिकामा गेला आणि चंदीगडला आईने पाय वर करून घालवला.

खर्च तिघांचा मिळून असा: नागपूर-दिल्ली जाऊन-येऊन रेल्वे साडेनऊ हजारांच्या पुढे, दिल्ली-चंदीगड चार हजार, चंदीगडचे मुक्काम साडेतीन-चार हजार, टॅक्सी दोन्ही बाजूंची साडेबारा हजार, वशिष्ठची खोली साडेतेरा हजारांच्या आसपास, जेवणखाण नऊ हजार, आसपासचं फिरणं आणि किरकोळ सात हजार. साठ हजारांच्या आत सगळं बसलं. व्होल्वोने गेलं आणि चंदीगड गाळलं तर यातले दहा-बारा हजार वाचतात. तरण्या माणसांनी जरूर वाचवावेत.

गावी आल्यावर दुसऱ्या दिवशी रुजू अहवाल दिला, प्रभार परत घेतला. आईचे गुडघे अजून दुखतात. डॉक्टरांनी दिलेला मांडीच्या स्नायूंचा व्यायाम ती आता रोज करते, कारण पायऱ्या चढता येतात हे तिने तिथे बघितलं आहे. संध्याकाळी गरम पाण्याची बादली घेऊन पाय सोडून बसते. बाबा पाणी तापवून देतात, चुलीवर.

शेजारच्या दोन काकू येऊन गेल्या. त्यांना दिवाळीआधी, नवरात्र संपलं की जायचं आहे, कापूस फुटायच्या आत. वशिष्ठ त्यांना लांब वाटतं, उनकेश्वर चालेल म्हणाल्या. त्यांच्या बीपीच्या नोंदी काढून मी त्यांना आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं आहे, आणि उनकेश्वरला खाली झोपावं न लागणारी खोली मिळते का ते विचारायला रविवारी मी स्वतः जाऊन येणार आहे.